शाळा सुरू झाली, नाक वाहू लागलं

श्रोतेहो, नमस्कार.

"शाळेत घालेपर्यंत याला औषधाचा थेंब लागला नव्हता हो डॉक्टर, आणि आता एक सर्दी जात नाही तोवर दुसरी हजर." जुलै उजाडला की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या कानावर हे वाक्य दिवसभर पडत असतं. सांगणारी कधी आई असते, कधी आजी. आजी असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं, "मी म्हणत होते, एवढ्यात शाळेत घालू नका." आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो पठ्ठ्या नाकाला शेंबडाची रेघ घेऊन माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत असतो. तोंडावर आजाराचा मागमूस नाही.

आज मला बोलायचंय ते अशाच घरांशी. मूल अंगणवाडीत जात असो, गावातल्या बालवाडीत असो की शहरातल्या नर्सरीत, गोष्ट सगळीकडे सारखीच.

आधी एक आकडा. तीन-चार वर्षांच्या चांगल्या धडधाकट मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होते. शाळेच्या पहिल्या वर्षी हा आकडा दहा-बारावर जाऊ शकतो. एक सर्दी सात ते दहा दिवस राहते आणि तिच्या मागचा खोकला कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आता तुम्हीच हिशेब घाला. बारा वेळा सर्दी, प्रत्येक वेळी दहा दिवस, म्हणजे वर्षातले चार महिने झाले. शिवाय या सर्द्या बारा महिन्यांत सारख्या वाटून येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये नाक कोरडं असतं आणि पावसाळ्यात, थंडीत रांग लागते. म्हणजे जुलै ते फेब्रुवारी तुमच्या घरातलं नाक निम्मे दिवस वाहतंय असं वाटलं, तर त्यात अजून तरी काही बिघडलेलं नाही.

असं का होतं? सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार. एकाची ओळख झाली म्हणून शरीर दुसऱ्याला ओळखत नाही, प्रत्येकाशी नव्याने झुंजावं लागतं. घरात चार माणसं असताना या मंडळींची गाठ क्वचित पडायची. आता वर्गात तीस मुलं तीस घरांतून येतात, एकमेकांच्या बाटलीतून पाणी पितात, एकच रंगीत खडू आळीपाळीने तोंडात घालतात.

मग आजी म्हणतात तसं आणखी एक वर्ष थांबायचं का? अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात १९८० पासून शेकडो मुलांची जन्मापासून वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. मोठ्या पाळणाघरात वाढलेल्या मुलांना दोन वर्षांच्या सुमारास सर्दी जास्त झाली, पण तीच मुलं सहा ते अकरा वर्षांची असताना त्यांना इतरांपेक्षा कमी झाली. कर्जाचा हप्ताच म्हणा ना. आज भरा, नाहीतर पुढे भरा. म्हणून केवळ सर्दीच्या भीतीने शाळा लांबवू नका. बाकी मूल रुळलं नसेल, रडून आकांत करत असेल, तो वेगळा विषय.

आता पावसाचं. "काल भिजला, म्हणून झालं." नॉर्वेच्या उत्तरेला स्पिट्सबर्गन नावाचं बर्फाळ बेट आहे. तिथे कोळशाच्या खाणीची वस्ती होती. हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटी बंद, बाहेरचं माणूस येणं बंद. १९३०-३१ मध्ये डॉक्टरांनी तिथल्या सर्दीची नोंद ठेवली. हाडं गोठवणाऱ्या त्या थंडीत, भर हिवाळ्यात सर्दी जवळजवळ नाहीशी झाली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर पहिली बोट किनाऱ्याला लागली, माणसं उतरली आणि थोड्याच दिवसांत सगळी वस्ती शिंकायला लागली! इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळच्या सर्दी संशोधन केंद्रात तर स्वयंसेवकांना ओल्या अंगाने, ओले मोजे घालून गार वाऱ्याच्या झोतात उभं केलं होतं. नुसत्या गारठ्याने कुणाला सर्दी झाली नाही. सर्दी माणसाकडून माणसाकडे येते. पावसाळ्यात ती वाढते, कारण आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि तीच तीस मुलं बंद खोलीत दाटीने बसतात. रेनकोट द्या, ओले कपडे बदला, पण शाळेच्या दारात साचलेल्या पाण्यात एक उडी मारली म्हणून पोराला धपाटा घालू नका.

केळ्याचंही तेच. सर्दी झाली की आपल्याकडे पहिलं केळं बंद होतं. मग दही, मग ताक, मग भात, मग लिंबू. वर्षातले चार महिने हे सगळं बंद ठेवलं तर मुलाने खायचं काय? केळ्याने सर्दी होत नाही आणि ताज्या दह्यानेही नाही. मुलाला भूक असेल तर जे नेहमी खातं ते खाऊ द्या.

आता शेंबडाच्या रंगाकडे येते, कारण पुष्कळशी गडबड इथे सुरू होते. पहिले दोन दिवस नाक पाण्यासारखं वाहतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच शेंबूड घट्ट, पिवळा, हिरवट होतो. हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, सर्दी नेहमीच्या वाटेने चालल्याची ती खूण आहे. पण घरात मात्र "हिरवं झालं, इन्फेक्शन झालं" म्हणून घबराट उडते आणि कुणीतरी मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन येतं. नाहीतर मागच्या वेळची उरलेली बाटली फ्रिजमधून निघते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर त्याचा काडीचा उपयोग नाही. झालाच तर जुलाब होतील आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते औषध लागू पडणार नाही. आम्ही डॉक्टर यात धुतल्या तांदळासारखे आहोत असं मी म्हणणार नाही. "काहीतरी स्ट्राँग द्या" असा आग्रह झाला की आमच्यातलेही काही जण लिहून देतात.

खोकल्याच्या सिरपबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या. डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन हे सर्दीच्या औषधातलं जोडमिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बजावलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त मुलं गेली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. साधा खोकला होता हो! त्यानंतर केंद्र सरकारने सांगितलं ते लक्षात ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची ही औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांच्या आतही सहसा देऊ नयेत. बाटलीत भेसळ नसली तरी या वयात त्या औषधांचा फायदा फारसा दिसत नाही. ग्लानी येते, धडधड होते, मूल चिडचिडं होतं, हे मात्र दिसतं.

मग करायचं काय? औषधाच्या दुकानात नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, सलाइनचे. जेवणाआधी आणि झोपण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब, मग नाक पुसून घ्यायचं. इतकं साधं आहे म्हणून त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. भाताची पेज, मुगाचं कढण, वरणाचं पाणी, जे कोमट आणि पातळ असेल ते थोडं थोडं पाजत राहा. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध दिला तर खोकल्याला उतार पडतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचासुद्धा नाही.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. इथे बाटली बघून घ्या. कुठल्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, कुठल्या बाटलीत २५०. मुलाचं वजन बारा किलो असेल तर १२० च्या बाटलीतून पाच ते साडेसात मिलिलिटर बसतं. तेच साडेसात २५० च्या बाटलीतून दिलं तर डोस दुपटीहून जास्त झाला. दोन डोसांमध्ये किमान चार तास, सहा झाले तर उत्तम. आणि मोजायला औषधाबरोबरचं माप घ्या, स्वयंपाकघरातला चमचा नको.

आता ज्या गोष्टी प्रेमापोटी केल्या जातात, त्यांच्याबद्दल. उकळत्या पाण्याचं पातेलं जमिनीवर ठेवून मुलाला वाफ देऊ नका. मूल हात झटकतं, पातेलं उलटतं, आणि साध्या सर्दीचं पोर भाजून हॉस्पिटलात येतं. नाकात तूप किंवा तेल सोडू नका, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, म्हणून कापराची पुरचुंडी मुलाच्या हाताशी नको आणि कापूर असलेले बाम दोन वर्षांच्या आत नकोत. आणि ओवा, लसणाच्या सालींची धुरी? घरात ती शेकडो वर्षं चालत आलीय हे मला माहीत आहे. पण चोंदलेल्या नाकाला धूर म्हणजे धूरच, मग तो धुरीचा असो, चुलीचा, डासांच्या कॉइलचा की बाबांच्या सिगारेटचा.

श्रोतेहो, सर्दी झालेल्या मुलाचं नाक बघण्यापेक्षा त्याची छाती बघायला शिका. समोर घड्याळ असेल तर आत्ताच करून बघा. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातला सदरा वर करायचा. छाती-पोट एकदा वर गेलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त भरले तर त्याला धाप लागली आहे. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला ही मर्यादा पन्नासची. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पाणीसुद्धा पीत नसेल किंवा हाक मारून धड जागं होत नसेल, तर मोजत बसू नका, तसेच निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

इतकी घाई नसलेल्या, पण डॉक्टरांना दाखवायच्याच अशाही काही गोष्टी आहेत. ताप तीन दिवसांत उतरला नाही. सर्दी बरी होत आली आणि पुन्हा ताप चढला. कान दुखून मूल रात्री रडतंय. खोकला रात्री आणि पळाल्यावरच वाढतो, छातीतून शिट्टी वाजते. हा बाळदमा असू शकतो, आणि त्यासाठी पंप लिहून दिला तर दचकू नका, पंपाची सवय लागत नाही. मूल महिनोन् महिने तोंड उघडं टाकून घोरत असेल तर नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ तपासावी लागते. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं समजा. शेंगदाणा, खडूचा तुकडा, थर्माकोलचा गोळा, काय काय निघतं विचारू नका! चिमट्याने घरी काढायला जाऊ नका, ते आणखी आत जातं. त्यातून घड्याळाचा किंवा रिमोटचा चपटा सेल असल्याची शंका आली, तर एक तासही थांबू नका.

शाळेत कधी पाठवायचं, हा प्रश्न रोज येतो. नुसतं नाक वाहतंय, मूल खेळतंय, तर पाठवा. ताप आहे, उलट्या होताहेत, मूल मलूल आहे, तर घरी ठेवा, आणि औषधाशिवाय ताप उतरून पूर्ण एक दिवस गेला की पाठवा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल शाळेत सोडणाऱ्या पालकांची अडचण मला कळते. दोघांचीही नोकरी असते, रजा मिळत नाही. पण बाईंचा फोन दुपारी येतोच. शाळांनाही एक विनंती, शंभर टक्के हजेरीची बक्षिसं बालवाडीत तरी नकोत. छातीला पिनेने लावलेला तो रुमालही आता नको. त्यात दिवसभराचा शेंबूड जमतो आणि हातांना लागत राहतो. कोपरात शिंकायला आणि डब्याआधी साबणाने हात धुवायला शिकवलं तर ते जास्त कामाचं.

लसीचं कार्डही एकदा काढून बघा. न्यूमोनियाची पीसीव्ही लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, ती विकत घ्यावी लागते आणि दरवर्षी घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती सुचवते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो, म्हणून ती पावसाच्या आधी घेतलेली बरी. साध्या सर्दीला मात्र लस नाही, आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' रंगीत बाटल्यांनीही ती थांबत नाही. ते पैसे अंडी-डाळी-फळांवर घाला.

शेवटचं सांगायचंय ते घरात तान्हं बाळ असलेल्यांना. मोठ्याची सर्दी त्याच्यापुरती किरकोळ असते, तीच दीड महिन्याच्या बाळाला जड जाऊ शकते. तेव्हा दादा किंवा ताई शाळेतून आली की आधी हातपाय-तोंड धुवायचं, कपडे बदलायचे आणि मग बाळाजवळ. पापी घ्यायचीच असेल तर पायाची. आईला सर्दी झाली तरी अंगावर पाजणं बंद करू नये, तोंडाला फडकं बांधून पाजावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाले, अंग गरम लागलं किंवा त्याने ओढून प्यायचं सोडलं, तर घरात औषध न देता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

नमस्कार.