खाड्याची वही

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे आजचे लेखक, त्यांची पुस्तकं, सामाजिक न्याय आणि लिहून जगणं. विषय हत्तीएवढा आणि वेळ पाच मिनिटं. खरं सांगू? मी एक किस्सा सांगायला आलोय. पण आधी चार शब्द विषयाचे, नाहीतर निर्मातीबाई पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.

लिहून जगणं आधी घ्या. ते आपल्याकडे पूर्वीही नव्हतं, आजही नाही. नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले, आणि कविता लिहीत राहिले. आजचा लेखकही दिवसा नोकरी करतो आणि रात्री लिहितो. वर आपण त्याच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकतो. दीडशे रुपयांची मिसळ खाताना आपला हात आखडत नाही, पुस्तकाच्या वेळीच कसा आखडतो?

असो. आता न्यायाचं. १९७८ साली ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन आलं. त्यात दया पवारांनी स्वतःचेच दोन केले, एक सांगणारा दगडू आणि एक ऐकणारा दया पवार. आपल्या माणसांबद्दल लिहिणं किती अवघड, ते एवढ्यावरून कळावं. पुढे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत घरोघर गेल्या, त्यांचं बोलणं ऐकलं, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. घरोघर गेल्या, हे ध्यानात असू द्या. घरोघर.

आता किस्सा.

पावसाळ्यातली संध्याकाळ, लालबागमधलं एक वाचनालय. मंचावर दोन कादंबरीकार, एक कवयित्री, आणि मध्ये सूत्रसंचालक म्हणून मी. पहिली चाळीस मिनिटं शाल-श्रीफळात गेली. माझं चाललं तर मी मंचावर नारळ आणायलाच बंदी घालीन. शेवटी एकदाची चर्चा सुरू झाली आणि आमच्यातले एक कादंबरीकार रंगात आले. ‘‘जे लिहिलं गेलं नाही ते पुसलं गेलं,’’ म्हणाले. ‘‘म्हणून मी गिरणगावाची पै न् पै लिहून ठेवणार आहे!’’ टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेतून एक मावशी उठल्या. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, हातात दुधाची पिशवी. माईक नको म्हणाल्या.

‘‘साहेब, पुस्तक वाचलं तुमचं. नातीनं वाचून दाखवलं. त्यात गडी पाळीवरनं येतो नि जेवतो. रांधतं कोण?’’

हॉल हसला. साहेबही हसले, पण कान लाल झाले होते.

मावशींची खाणावळ होती. दहा बाय दहाच्या खोलीत अठरा गडी जेवायचे, तीन पाळ्यांचे. पहाटे तीनला स्टो पेटायचा. अशा बायकांसाठी प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते पुष्कळांना ठाऊक असेल. मावशींनी पिशवीतून वही काढली. लांबट, लाल कापडी बांधणीची, खाड्याची वही. खाडा म्हणजे जेवण चुकल्याचा दिवस, ते मेसला जेवलेल्यांना सांगायला नको.

कादंबरीकार मंचावरून खाली उतरले, मावशींच्या शेजारी बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. उभी नावं, आडव्या तारखा, खाड्याला फुली. समासात बारीक अक्षर: ‘मासे नको’, ‘आई वारली, गावी’, ‘रात्रपाळी, डबा’. मग आलं १९८२. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वहीत मात्र संप हा शब्द कुठंच नाही. फक्त फुल्या वाढत जातात. शिमग्याला अर्धं पान फुल्यांचं.

मे महिन्याचं पान उलटलं. नावं होती, पण घरं कोरी. फुली नाही, आकडा नाही, काही नाही.

‘‘मावशी, मे महिन्यात कुणी जेवायला नव्हतं का?’’

‘‘व्हते की. सात जण व्हते.’’

‘‘मग लिहिलं का नाही?’’

‘‘लिव्हलं असतं तर मागावं लागलं असतं.’’

पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. लिव्हलं असतं तर मागावं लागलं असतं.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. थोड्या वेळानं कादंबरीकारांनी विचारलं, ‘‘या पानाचा फोटो काढू?’’ मावशींनी विचार केला. म्हणाल्या, ‘‘काढा. पण थांबा.’’ आणि नावांच्या रकान्यावर त्यांनी आपला हात आडवा ठेवला. कोपराला पीठ लागलेलं, मधलं बोट वाकडं. ‘‘आता काढा. त्यांची नातवंडं हायेत इथंच.’’

तो फोटो मी पाहिलाय. हातच जास्त आलाय त्यात.

त्या रात्री करी रोड स्टेशनपर्यंत मी आणि ते कादंबरीकार बरोबर चालत गेलो. एरवी बोलायचे थांबत नाहीत, त्या दिवशी छत्रीतून एवढंच म्हणाले, ‘‘तिसरं प्रकरण फाडावं लागणार.’’ नवी कादंबरी अजून आलेली नाही. परवा फोन केला, तर म्हणाले, मे महिन्यातच अडलोय.

काचेपलीकडून मला हात दाखवताहेत. नमस्कार.