रेकॉर्डच्या मागच्या बाजूची नावं

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात असताना आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकला, त्यांना एक आवाज तोंडपाठ असणार. 'द नंबर ऑफ द बीस्ट' सुरू होण्याआधी कुणीतरी खर्जात, एकेक शब्द तोलत, बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या ओळी वाचतो. गिटार नाही, ड्रम नाही, नुसता माणूस वाचतोय. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत बीकेसीच्या मैदानावर वाजवून गेले, तेव्हाही या गाण्याआधी हाच आवाज होता.

कित्येकांची अजूनही समजूत आहे की हे व्हिन्सेंट प्राइस, भयपटांचे ते नावाजलेले नट. विचारलं होतं त्यांनाच. पण गायक ब्रूस डिकिन्सन सांगतो, प्राइस पंचवीस हजार पौंडांच्या खाली यायला तयार नव्हते. १९८२ साली, मिनिटभरही न चालणाऱ्या वाचनासाठी! मग लंडनच्या कॅपिटल रेडिओवर भुताच्या गोष्टी वाचणाऱ्या एका नटाला बोलावलं, बॅरी क्लेटन. पुढे 'काउंट डक्युला' या मुलांच्या कार्टूनला निवेदन केलं तेही यांनीच. त्या कार्टूनचा नायक म्हणजे शाकाहारी ड्रॅक्युला, तोही बदक. अंगावर काटा आणणारा आवाज आणि पोरांना खिदळायला लावणारा आवाज, एकाच गळ्यातला.

मला विचाराल तर प्राइस यांनी पैसे जास्त मागितले हे बरंच झालं. ते असते तर पहिल्या शब्दाला लोक म्हणाले असते, 'अरे, हा तर प्राइस!' क्लेटनना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तो आवाज थेट पोथीतून आल्यासारखा वाटतो.

पण आवाज अनोळखी ठेवणं वेगळं आणि माणसाचं नाव गाळणं वेगळं. 'द एक्झॉर्सिस्ट' हा १९७३ चा सिनेमा घ्या. चेहरा लहानग्या लिंडा ब्लेअरचा, पण तिच्या तोंडून बोलणाऱ्या सैतानाचा आवाज होता मर्सेडिस मॅककेंब्रिज या बाईंचा. ऑस्करविजेत्या अभिनेत्री, मूळच्या रेडिओवरच्या. नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनी त्यांना हयात असलेल्या जगातल्या सर्वश्रेष्ठ रेडिओ अभिनेत्री म्हटलं होतं. त्या आवाजासाठी त्यांनी कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, दारू सोडलेली असताना व्हिस्की घेतली, आणि धडपड खरी वाटावी म्हणून स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं. सिनेमा लागला, तर श्रेयनामावलीत त्यांचं नावच नाही. भांडून घ्यावं लागलं. त्याच सिनेमाला ध्वनीचं ऑस्कर मिळालं, हे आणखी वर.

हेवी मेटलवाल्यांना असल्या आवाजांचं पहिल्यापासून वेड. खुद्द वेल्स मॅनोवॉर या मेटल बँडच्या रेकॉर्डवर बोललेत. पडद्यावरचे ड्रॅक्युला ख्रिस्टोफर ली यांनी तर २०१० मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, सम्राट शार्लमेनवर अख्खा सिम्फॉनिक मेटल अल्बम काढला.

आता काचेपलीकडच्या माणसाकडे येऊ. मार्टिन बर्च, रेकॉर्डिंग इंजिनिअर आणि निर्माता. डीप पर्पलचा 'मशीन हेड', ब्लॅक सॅबाथचा 'हेवन अँड हेल', आणि १९८१ पासून १९९२ पर्यंत मेडनचा प्रत्येक स्टुडिओ अल्बम. एवढं सगळं एकाच माणसाच्या हातून गेलंय.

१९७१ च्या डिसेंबरात डीप पर्पल स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला गेले ते तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायला. काम सुरू होण्याआधीच कॅसिनो जळाला. फ्रँक झापाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर, म्हणजे पेटता बाण उडवला होता. मग एका थिएटरात मांडामांड केली. रात्री इतका दणदणाट की आसपासचे लोक पोलिसांत गेले. पोलीस दार ठोठावतायत, बँडची माणसं आतून दार दाबून धरून उभी, आणि आत टेक पुरा होतोय. तोच टेक 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याचा. शेवटी मुक्काम पडला हंगाम संपून बंद झालेल्या ग्रँड हॉटेलात. कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून वाद्यं मांडली आणि बाहेर उभ्या असलेल्या रोलिंग स्टोन्सच्या रेकॉर्डिंग ट्रकपर्यंत केबली ओढल्या. ट्रकमध्ये जाऊन टेक ऐकायचा तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून पोरांनी ऐकायला जाणंच सोडलं. म्हणजे ट्रकमध्ये बसलेल्या बर्चच्या कानांवर सगळा भरवसा. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

मेडनच्या रेकॉर्डवर त्याच्या नावात एकदा 'हेडमास्टर' असं टोपणनाव छापलंय. उगाच नाही. 'नंबर ऑफ द बीस्ट'च्या सुरुवातीच्या कुजबुजत्या दोन-चार ओळी त्याने डिकिन्सनकडून तासन्‌तास म्हणवून घेतल्या. पुन्हा. पुन्हा. पोरगा बँडमध्ये नवा, पहिलाच अल्बम, डोकं ठणकायला लागलेलं. त्या ओळी संपल्यावर जी लांबलचक किंकाळी येते ना, तिच्यात तो सगळा वैताग आहे, असं डिकिन्सन स्वतः सांगतो. क्लेटननी मिनिटभरात उभी केलेली भीती टिकली ती या हेडमास्तरमुळे. याच दिवसांत बर्चची गाडी नन्सच्या मिनीबसला धडकली आणि दुरुस्तीचं बिल ६६६ पौंड आलं म्हणे, म्हणजे प्रकटीकरणातला तोच 'बीस्ट'चा आकडा. किस्सा जरा जास्तच जुळून आलाय, पण मेटलवाले तो सोडणार थोडेच!

१९९२ मध्ये 'फिअर ऑफ द डार्क' संपवून बर्च निवृत्त झाला. त्रेचाळिसाव्या वर्षी, जेव्हा इतर निर्माते कुठे भाव खायला लागतात. परत काही फिरकला नाही. ९ ऑगस्ट २०२० ला गेला. बातमी दिली ती डीप पर्पलचा एकेकाळचा गायक डेव्हिड कव्हरडेलने. क्लेटनही आता नाहीत.

मॅककेंब्रिजबाईंना नावासाठी भांडावं लागलं. बर्चला मात्र डीप पर्पलने १९७० मध्येच, तो नुसता इंजिनिअर असताना, एक गाणं अर्पण केलं होतं. 'इन रॉक'च्या कव्हरवर तसं छापलंय. गाण्याचं नाव 'हार्ड लव्हिन मॅन'. तेच आता लावतोय. सात मिनिटांचं आहे, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. नमस्कार.