टपालवाल्याच्या मापाची गाडी

बॉन शहरातली सकाळ. ही पिवळी विजेची गाडी गल्लीत शिरली ती टायरखालच्या पानांच्या चुरचुरीवरूनच कळली. पोस्टमन उतरला, पेटीत पत्रं टाकली, परत बसला. थोडं पुढे जाऊन पुन्हा उतरला.

दिवसाला दोनशेपर्यंत थांबे, वर्षाला तीनशे दिवस. असं सारखं थांबणं-निघणं डिझेल इंजिनाला सोसत नाही. विजेच्या मोटरला ते मानवतं. वेग कमी होताना ती जनित्रासारखी चालते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते.

तरीही अशी गाडी बाजारात नव्हती. जर्मनीच्या टपालसेवेला, डॉइच पोस्टला, ती मोठ्या मोटार कंपन्यांकडे हवी तशी मिळेना. मिळाली ती प्राध्यापकांकडे.

हे जर्मनीतलंच आखेन शहर. इथल्या तंत्रविद्यापीठातल्या ग्युंटर शू आणि आखिम काम्पकर यांनी 2010 मध्ये ‘स्ट्रीटस्कूटर’ ही कंपनी उभी केली. नावात स्कूटर असली तरी गाडी चारचाकीच. लाखोंनी न बनवताही विजेची गाडी परवडू शकते, हे त्यांना करून दाखवायचं होतं. त्यासाठी सुमारे ऐंशी छोटे-मोठे उद्योग एकत्र आणले. कुणी सांगाडा पाहिला, कुणी वायरिंग, मोटरची बाजू बॉशनं सांभाळली. 2011 मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पहिला नमुना लोकांसमोर आला आणि त्याच सुमारास टपालसेवेनं हात पुढे केला.

मग आराखडा ठरताना थेट पोस्टमनना बोलावलं. या साऱ्या गोष्टीत आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आत डोकावून पाहा. चालकाशेजारी सीटच नाही. तिथे पत्रांचे ट्रे, हात लांबवला की सापडतील असे. बॅटरी फरशीखाली. बाहेरचे पॅनेल प्लास्टिकचे, तुकड्यातुकड्यांचे. अरुंद गल्लीत कोपरा घासला तर तेवढाच तुकडा बदलायचा. मागे सातशे किलोच्या आसपास माल मावतो, म्हणजे साधारण आपल्या ‘छोट्या हत्ती’इतका. पल्ला मात्र सुमारे 80 किलोमीटर, वेग ताशी 80 ते 85. इतकाच? हो, कारण टपालाची फेरी ठरलेली असते. रोज त्याच गल्ल्या, रात्री तोच डेपो. न लागणाऱ्या किलोमीटरसाठी महागडी बॅटरी का वागवायची? वीस युनिटांची बॅटरी पुरते, किंमत आटोक्यात राहते. थंडीत हीटर लावला की पल्ला घटतो.

आता हे छत बघा. आखेनमधला हा टालबोट कारखाना 1838 चा. इथे पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेचे डबे बनले. नंतर तो बॉम्बार्डियर या कॅनडाच्या कंपनीकडे गेला आणि 2013 मध्ये त्यांनी इथलं काम बंद केलं. त्याच आवारात या पिवळ्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. डबे घडवणाऱ्या गावाला पुन्हा चाकांचं काम मिळालं, याचा आनंद आम्हाला शूटिंग करतानाही लपवता आला नाही.

डिसेंबर 2014 मध्ये टपालसेवेनं अख्खी कंपनीच विकत घेतली. टपाल खातं स्वतःच मोटारी बनवू लागलं! 2016 मध्ये फोक्सवागनचे तेव्हाचे प्रमुख मथियास म्यूलर यांनी उघडपणे चिडून विचारलं की हे काम आमच्याकडे का आलं नाही. 2018 मध्ये ड्युरेनला दुसरा कारखाना सुरू झाला.

2020 मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली आणि जानेवारी 2022 मध्ये कंपनी लक्झेंबर्गच्या ओडिन ऑटोमोटिव्हला विकली गेली.

संध्याकाळ. फेरी संपवून गाडी डेपोत आली आहे. पोस्टमन रिकामे ट्रे उचलतो, चार्जरची केबल खोचतो आणि दिवा लागला का ते वाकून बघतो. शेजारी आणखी एक पिवळी गाडी येऊन थांबते.