पुस्तकानं सुचवलेलं पुढचं पुस्तक: वाचून झालं, वाचतेय, वाचणार आहे

नमस्कार मंडळी! आज तीन पुस्तकं घेऊन बसलेय. एक नुकतंच वाचून झालं, एक अर्ध्यावर आहे आणि एक अजून उघडायचंय. 'आयुष्यात वाचायलाच हवीत' अशा कुठल्या यादीतून मी ही काढलेली नाहीत. पहिल्यानं मला दुसऱ्याकडे पाठवलं आणि दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिन्हींना जोडणारं साल एकच आहे, १८५७. आणि गंमत म्हणजे तिन्हींपैकी एकही पुस्तक लढाईवर लिहिलेलं नाही.

आधी वाचून झालेलं. (पुस्तक समोर धरते) लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. आपल्यापैकी पुष्कळांनी हे शाळेत धड्यापुरतं वाचलेलं असतं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा एखादा विक्षिप्तपणा, संसारातली एखादी फजिती, आणि मग डोक्यात बसतं की हे एक हलकंफुलकं पुस्तक आहे. सबंध वाचलंत तर हा समज टिकणार नाही.

लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची, विटाळ झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि या सगळ्यात घरातल्या बायकापोरांचे हाल. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. म्हणजे ज्या घटनेच्या वेळी त्या जन्मालाही आलेल्या नव्हत्या, तिनं त्यांचं सगळं बालपण व्यापलं. इतिहासाच्या पुस्तकात बंड मोडलं की प्रकरण संपतं. इथे ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या एका घरात पुढची कितीतरी वर्षं चालूच राहतं. मी हे वाचून थांबले, पुस्तक मिटून ठेवलं, आणि तिथेच ठरवलं की त्या काळातल्या साध्या माणसांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी यापुढे वाचायचं.

तसं या पुस्तकातलं सांगण्यासारखं खूप आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा हयात आहे, पण त्याच्याकडे जायचं तर घरदार, नातीगोती, देवधर्म सगळं सोडायचं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे गेल्या, तरी सोवळंओवळं सांभाळून राहिल्या. मग एक दिवस त्या स्वतःच विचार करत बसतात की जात देवानं केली की माणसानं. टिळकांनी वाद घालून पटवलं म्हणून नाही, त्यांचं त्यांनाच उमगतं. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेली बाई स्वतःच्या मनातली ही एवढी मोठी उलथापालथ शेजारणीशी बोलावं तशी सांगते. मराठीतल्या माझ्या सगळ्यात आवडत्या पाच-सहा पुस्तकांत हे आता पक्कं बसलंय.

फक्त घेताना एक बघा. 'स्मृतिचित्रे' चार भागांत आलं, पहिला भाग १९३४चा. बाजारात याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते. संक्षिप्त वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण लक्ष्मीबाईंची खरी मजा त्यांच्या फाटे फोडत सांगण्यात आहे, आणि संक्षेप करताना पहिली कात्री तिथेच लागते. दुकानात मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडा, 'संपूर्ण' आहे का बघा, मगच घ्या.

आता हातात असलेलं. (दुसरं पुस्तक) विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचे हे भटजी. घरात कर्ज. कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. तेव्हा काकांना बरोबर घेऊन हे १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या तोंडात जाऊन पडले.

राजकारणाशी यांना काही देणंघेणं नव्हतं, दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायचं होतं. म्हणूनच मला यांचं बोलणं जास्त खरं वाटतं. कोण जिंकणार यापेक्षा आज मुक्काम कुठे, जेवण काय, गाठीचे पैसे कुठे लपवायचे, याची त्यांना काळजी. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरात होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, स्वतःही लुटले गेले. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाल्याचंही त्यांनी लिहून ठेवलंय. ते वाचताना आपल्यासारख्या पुस्तकवेड्या माणसाच्या पोटात अक्षरशः कालवतं.

आणि मग काल्पीजवळचा तो विहिरीचा प्रसंग. पराभव झालाय, राणी लक्ष्मीबाई पुरुषी वेशात, धुळीनं माखलेली, तहानेनं व्याकूळ. भटजी तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मडकं-दोरी घेते, विहिरीत सोडते, आणि ओंजळीनं पाणी पिते. घोड्यावरची राणी आपण पुतळ्यांत हजारदा पाहिलीय. विहिरीवर वाकलेली ही राणी मला त्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा मोठी वाटली.

इथेही आवृत्तीचा मुद्दा आहे, आणि इथे तो जास्त महत्त्वाचा. भटजींनी हे लिहिलं ते चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, प्रवासानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे ते लगेच छापलं गेलं नाही. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं, तेव्हा भटजी हयात नव्हते. शिवाय वैद्यांनी त्यावर बराच हात फिरवला, भाषा सारखी केली, मजकुरात फेरफार केले. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक यायला १९६६ उजाडलं. ते दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलं. मी वाचतेय ते मूळ बरहुकूम. वाक्यं लांबलचक, विरामचिन्हांची वानवा, पहिली काही पानं दमछाक होते. उपाय एकच, मोठ्यानं वाचायचं. डोळ्यांना जे वाक्य गुंतवळ वाटतं ते कानांना लगेच कळतं, कारण हा माणूस मुळात गोष्ट सांगतोय. रोज थोडं थोडं वाचतेय, घाई करणार नाही. अजून भटजी काशीला पोचायचेत, तिथून आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन कोकणात परतायचंय.

मधल्या वेळात, प्रवासात, माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुन्हा वाचली. १९५५ची कादंबरी, माणदेशातल्या धनगरवाडीतला तरुण मास्तर. आज तिच्याबद्दल फक्त एवढंच की दुष्काळात वाडी रिकामी होत जाते ती पानं वाचून मी बराच वेळ नुसती खिडकीबाहेर बघत होते. तिच्यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे.

आणि आता पुढचं. 'यमुनापर्यटन', लेखक बाबा पदमनजी. पुष्कळ अभ्यासक हिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. ती प्रसिद्ध झाली ते साल १८५७! म्हणजे भटजी दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले त्याच वर्षी मराठीत ही कादंबरी आली. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि वाटेत ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या त्यांना कळत जातात. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा, १८५६चा. बाबा पदमनजी बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झालेले, म्हणजे टिळकांच्या चार दशकं आधी. आत्ता मनात प्रश्न आहे तो हा: बायकांच्या दुःखाची कहाणी एका पुरुषानं, तीही धर्मप्रसाराच्या तळमळीनं लिहिलेली. 'स्मृतिचित्रे' ताजं असताना ती कशी वाटेल? लक्ष्मीबाई जे स्वतः भोगून सांगतात ते यात कितपत उतरलं असेल? वाचून झालं की सविस्तर बोलू.

तुमचं काय चाललंय ते खाली लिहा: वाचून काय झालं, हातात काय आहे, पुढे काय. आणि घरात, आजीआजोबांच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' किंवा 'माझा प्रवास'ची जुनी प्रत असेल तर ती काढून आवृत्ती कोणती, साल कोणतं, संपादक कोण, तेवढं मला नक्की कळवा. वैद्यांची १९०७ची प्रत कुणाकडे निघाली तर मला ती मूळ बरहुकूम पुस्तकाशेजारी ठेवून विहिरीचा प्रसंग ओळीनं ताडून बघायचाय.