क्षयाचं निदान झालं. आता रक्तही तपासा

नमस्कार. देशातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस क्षमतेच्या सुमारे १३१ टक्के माणसं होती आणि दर चार बंद्यांमागे तिघे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. एवढी माणसं एका बराकीत रात्रभर कोंडली की एकाच्या खोकल्यातले जंतू दुसऱ्याच्या छातीत जायला वेळ लागत नाही. तुरुंगात क्षय का पसरतो, हे येरवड्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

थुंकीचा नमुना सीबीनॅट यंत्रात घातला की साधारण दोन तासांत क्षय आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळतं. माझा मुद्दा इथून पुढचा आहे. त्याच बंद्याचं रक्त त्याच आठवड्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिससाठी तपासलं गेलं पाहिजे. तुरुंग सुरक्षित राहावा हा त्यामागचा पहिला हेतू नाही. त्या माणसाला कोणत्या गोळ्या, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे त्या अहवालांवर ठरतं.

हे जरा उलगडून सांगतो. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांचा यकृतावर ताण येतो. यकृतात आधीच बी किंवा सी विषाणू असेल, तर औषधांमुळे कावीळ होण्याचा धोका वाढतो. आधी माहीत असेल, तर यकृताच्या तपासण्या सुरुवातीपासून वरचेवर करता येतात. माहीत नसेल, तर काही आठवड्यांनी डोळे पिवळे होतात, गोळ्या थांबवाव्या लागतात आणि क्षय तसाच राहतो. एचआयव्हीचं आणखी वेगळं. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावी लागते. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, पण त्यातलं सोफोसबुविर हे औषध रिफाम्पिसिनबरोबर चालत नाही. तिथे सहसा क्षयाचे उपचार आधी पूर्ण करावे लागतात. अर्थात अहवाल यायचे आहेत म्हणून क्षयाच्या गोळ्या अडवून ठेवायच्या नाहीत. त्या लगेच सुरू व्हायला हव्यात.

आता संमतीबद्दल. जानेवारी १९२४मध्ये येरवड्यात शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला, त्यांना ससून रुग्णालयात आणलं आणि कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. त्याआधी श्रीनिवास शास्त्रींनी लिहून घेतलेल्या निवेदनावर गांधीजींनी सही केली होती. कैद्याची संमती तेव्हाही महत्त्वाची मानली गेली. आज २०१७चा एचआयव्ही कायदा सांगतो, की नीट समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय चाचणी करायची नाही आणि निकाल गुप्त ठेवायचा. पण गणवेशातला माणूस शेजारी उभा असताना ‘मला नको’ म्हणायची हिंमत कितीजणांना होईल? म्हणून समुपदेशकाशी बोलणं चालू असताना वॉर्डरने दिसेल एवढ्या अंतरावर थांबावं, ऐकू येईल एवढ्या नाही. निकाल त्या बंद्याला स्वतःला, त्याच्या भाषेत सांगावा. कागद फाइलमध्ये गेला आणि माणसाला काहीच कळलं नाही, तर त्या तपासणीला मी तपासणी म्हणणार नाही.

एक गैरसमज मला फार खटकतो. क्षयाच्या रुग्णाला सुरुवातीचे काही दिवस वेगळं ठेवतात ते योग्यच आहे, कारण तो हवेतून पसरतो. एचआयव्ही ताटवाटीने, एका बराकीत झोपल्याने पसरत नाही. तेवढ्यासाठी एखाद्याला वेगळं काढणं म्हणजे त्याचं गुपित साऱ्या बराकीला सांगणं. दाढीचं सामाईक ब्लेड आणि गोंदणाची सुई यांतून मात्र खरा धोका असतो. बंदोबस्त त्यांचा करावा. हिपॅटायटिस बीची लागण झालेली नसेल त्याला लस टोचावी. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात.

आणि नेमकी तिथेच गाडी अडते. साध्या क्षयाचा उपचारही किमान सहा महिन्यांचा, कच्च्या कैद्याचा मुक्काम मात्र न्यायालयाच्या तारखेवर. संध्याकाळी जामिनाचा आदेश येतो, माणूस पिशवी घेऊन बाहेर पडतो, गाव बीडकडे किंवा सोलापूरकडे असतं आणि गोळ्या तुरुंगाच्या दवाखान्यात राहतात. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद असते. पण गावाजवळच्या केंद्राकडे ती वर्ग व्हायला हवी, आणि एचआयव्ही असेल तर त्याची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राचा पत्ताही त्याच्या हातात हवा.

सभागृहात वकील मंडळी असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. जामीन होणार अशी चिन्हं दिसली, की अशिलाची परवानगी घेऊन तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवा. सोबत द्यायच्या गोळ्या आणि पुढच्या केंद्राची चिठ्ठी तयार करायला त्यांना तेवढा वेळ लागतोच.