आंबा संपला, होडी ओढली, आता निघूया

नमस्कार श्रोतेहो.

गुहागरच्या पुळणीवर सकाळी ओहोटीला कधी आलात, तर चार वयस्क माणसं हातात काठ्या घेऊन वाळूत काहीतरी शोधताना दिसतील. पूर्वी लोक थांबून विचारायचे, "काय हरवलं हो?" आता विचारत नाहीत. आम्ही गोल्फ खेळत असतो आणि चेंडू हरवलेला असतो.

जहाजाच्या इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढून मी घरी परतलो, तेव्हा सामानात गोल्फची एक पिशवी होती. बंदराबंदरांत तुकड्यातुकड्यानं शिकलेला खेळ. गावात मैदान कुठलं आणायचं? पण ओहोटी लागली की ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते, हे तिच्यावर सायकल शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गोल्फच्या नियमाप्रमाणे होलचा व्यास 108 मिलिमीटर. चांगल्या मोठ्या नारळाची करवंटी जवळपास तेवढीच भरते. ती तोंड वर करून वाळूत पुरायची, शेजारी कळकाची काठी, काठीला लाल फडकं. झालं मैदान. भरती आली की सगळं पुसून जातं, त्यामुळे देखभालीचा खर्च शून्य. आणि हो, कासवांच्या अंड्यांच्या दिवसांत आम्ही वरच्या कोरड्या वाळूकडे फिरकतसुद्धा नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर रेडिओ केंद्राकडे पत्रं येतील.

तर या करवंटीच्या मैदानावर आम्ही चौघं तयार झालो. मी, आमचे डॉक्टर, आंब्याचे एक बागायतदार आणि वेलदूरचा एक ट्रॉलरवाला, ज्याला सगळे तांडेल म्हणतात. पाचवे मास्तर. मास्तर खेळत नाहीत. होडीच्या सावलीत बसून गुण लिहितात आणि वाद झाला की निकाल देतात.

एका संध्याकाळी तांडेल म्हणाला, "साहेब, हा खेळ ज्या गावात जन्मला ते गाव बघूया की एकदा." तिथून सुरुवात झाली. गाव म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्रूज. मित्रांनी मिळून परदेशी गोल्फ खेळायला जायचं तर आखणी कशी होते, ते आज सांगतो. आमची कशी झाली ते सांगतो म्हणा, कारण दुसऱ्याची मला काय माहीत.

बहुतेक मंडळी आधी मैदान निवडतात, मग तारखा बघतात. आम्हाला ते परवडण्यासारखं नव्हतं. बागायतदार मार्चपासून मेअखेरपर्यंत बागेत अडकलेले, त्या काळात त्यांना फोन केला तरी पलीकडून पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज येतो. तांडेल ऑगस्टपासून समुद्रावर. पुढे गणपती, म्हणजे कोकणातला माणूस जागचा हलणार नाही. मास्तरांनी वही उघडली, बारा महिन्यांचे बारा रकाने पाडले आणि ज्याला जे जमत नाही त्यावर काट मारत गेले. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे तांडेल मोकळा. होड्या ओढून, शाकारून ठेवलेल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात आंबा संपलेला. कलमांना खत घालायचं काम गड्यांवर सोपवता येतं. डॉक्टरांचं तेवढं कठीण, कारण पाऊस पडला की तापाचे रुग्ण वाढतात, पण त्यांच्या भाचीनं तीन आठवडे दवाखाना सांभाळायचं कबूल केलं. उरला जूनचा दुसरा पंधरवडा.

आणि गंमत बघा, स्कॉटलंडमध्ये नेमके तेच दिवस सगळ्यात मोठे. रात्री दहापर्यंत उजेड. आमच्याकडे सूर्य ढगाआड जाऊन बसलेला, तिकडे मावळायचं नाव घेत नाही. तारखा आम्ही निवडल्याच नाहीत म्हणा, आंब्यानं आणि मासळीनं निवडून दिल्या.

आता त्या ठिकाणाबद्दल. सेंट अँड्रूज हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या मैदानांना लिंक्स म्हणतात. गोल्फचं मैदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गालिच्यासारखी हिरवळ येते, तसं हे नव्हे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा उंचसखल पट्टा. पीक येत नाही, घर टिकत नाही, वारा सतत. मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे. आपल्याकडे पुळणीच्या वरच्या अंगाला, सुरूच्या बनाच्या अलीकडे जी जमीन असते, तिची स्कॉटिश मावसबहीण. आपल्याकडे वाळू मर्यादवेल धरून ठेवते, तिकडे एक उंच खरखरीत गवत. बंकर म्हणजे वाळूचे खड्डे. वारा चुकवायला मेंढ्या जिथे टेकून बसायच्या, तिथे माती उघडी पडून ते तयार झाले असं म्हणतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बागायतदार म्हणाले, "म्हणजे ज्या जागेला आपण पडीक म्हणतो, तिच्यावर ते पाचशे वर्षं खेळतायत." आकडा त्यांनी अंदाजानं टाकला होता, पण फार चुकला नाही. 1552 साली तिथल्या आर्चबिशपनं त्या जागेवर ससे पाळायचा हक्क मिळवला, आणि त्याच कागदात गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळायचा हक्कही मान्य झाला. म्हणजे जागा गावाची. आजही ती सार्वजनिकच आहे, एक ट्रस्ट तिची व्यवस्था बघतो.

मला तर वाटतं, हा खेळ श्रीमंतांचा झाला तो किनारा सोडून आत गेल्यावर.

पहिली चूक आम्ही टूरवाल्याकडे जाण्याची केली. नाव घेत नाही. माणूस गोड बोलणारा, चकचकीत पत्रक दिलं. पाच दिवस, चार मैदानं, आणि रविवारी दुपारी ओल्ड कोर्सवर 18 होल, म्हणजे पूर्ण फेरी. ओल्ड कोर्स म्हणजे त्या गावातलं सगळ्यात जुनं आणि नावाजलेलं मैदान. आम्ही खूश. आगाऊ रक्कम देणार, इतक्यात मास्तर म्हणाले, "थांबा." त्यांनी चष्मा पुसला आणि नातवाच्या फोनवरचं पान पुढे केलं. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. अगदी मोठी स्पर्धा वगैरे सोडली तर दर रविवारी बंद. मैदानाला विश्रांती, आणि गावकरी त्यावरून कुत्री घेऊन फिरतात. टूरवाला म्हणाला, "ते बघून घेऊ." ज्याला रविवारची गोष्ट ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर सात समुद्र कशाला ओलांडायचे? आम्ही सगळं स्वतः करायचं ठरवलं.

स्वतः करायचं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण कामाचा भाग तोच आहे.

ओल्ड कोर्सवर खेळायला मिळणं हा नशिबाचा भाग. वर्षभर आधी अर्ज करून काही वेळा मिळतात. नाहीतर रोजची सोडत. दोन ते चार जणांनी मिळून नावं द्यायची, खेळायच्या 48 तास आधी चिठ्ठी निघते. प्रत्येकाचा हँडिकॅप सांगावा लागतो. हँडिकॅप म्हणजे तुम्ही किती वाईट खेळता त्याचा अधिकृत आकडा. करवंटीच्या मैदानाचा हँडिकॅप कोण देणार? म्हणून हिवाळ्यात आम्ही मुंबईकडच्या एका क्लबात शनिवार-रविवार जाऊन रीतसर फेऱ्या पूर्ण केल्या. तांडेलाचा आकडा डॉक्टरांपेक्षा चांगला आला. डॉक्टर अजून त्यावर बोलत नाहीत. आणि फी सोडत लागली तरच द्यायची, पण ती एका माणसाला एका फेरीची 300 पौंडांच्या वर. म्हणून पहिलं सूत्र मास्तरांनी वहीत लिहिलं: सोडत लागली तर प्रसाद, नाही लागली तर यात्रा तेवढीच. बाकीच्या मैदानांच्या वेळा आधी पैसे भरून पक्क्या केल्या. त्यातल्या एकाचं नाव न्यू कोर्स. हे नवं मैदान 1895 सालचं आहे.

पैशाबद्दल मैत्रीत बोलायला आपण लाजतो. लाजू नये. पहिल्याच बैठकीत बोलून टाकावं, चहा यायच्या आत. आमच्या वहीत दोन पानं होती. एका पानावर सामाईक: राहणं, टॅक्सी, सकाळचं खाणं. दुसऱ्या पानावर ज्याचं त्याचं: मैदानाची फी, खरेदी, आणि संध्याकाळचं पेय. मास्तर खेळणार नाहीत तर त्यांनी फीचा भार का सोसावा? आणि डॉक्टर पीत नाहीत, मग त्यांच्या खिशाला तांडेलाची व्हिस्की का? चार जणांची टोळी गोल्फला सोयीची, कारण मैदानावर चौघांनाच एकत्र सोडतात. पाचवा न खेळणारा असला तर फार उत्तम. चौघं मैदानावर असताना कपडे धुऊन आणायला, पुढची टॅक्सी ठरवायला आणि शांत डोकं ठेवायला कोणीतरी लागतं.

व्हिसाचं मी दोन वाक्यांत सांगतो. प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हाच करा. बँकेचे सहा महिन्यांचे कागद नीट लावा. तांडेलाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आलेली, ती कसली हे समजावणारं पत्र जोडावं लागलं. डिझेल, बर्फ आणि मासळीचा लिलाव हे सगळं इंग्रजीत लिहिताना मास्तरांची पेन्शन वसूल झाली.

सामान बांधणं मात्र तांडेलानं शिकवलं. गोल्फच्या काठ्या विमानात हातात नेऊ देत नाहीत, त्या खाली मालाबरोबरच जातात, आणि मोडतात त्या मानेशी, जिथे दांडा आणि डोकं जुळतं तिथे. नियमानं जास्तीत जास्त चौदा काठ्या नेता येतात. आम्ही प्रत्येकी नऊच घेतल्या. मोठ्या काठ्यांची डोकी चावीनं सुटतात, ती काढून वेगळी ठेवली. उरलेल्यांच्या माना जुन्या सुती पंच्यांत गुंडाळल्या. मग सगळ्यात लांब काठीपेक्षा चार बोटं उंच असा कळकाचा दांडा मधोमध उभा केला, म्हणजे पिशवी उलटी आपटली तरी मार दांडा खाणार. बाजारात यासाठी परदेशी साधन मिळतं, महाग आहे. वर जाळ्याच्या दोरीचे वेढे. ती दोरी मुंबई विमानतळावर तपासणीत कापली गेली. तांडेलाचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याचं जाळंच फाडलं.

एक राहिलंच. जूनमध्ये कोकणातून निघायचं तर दोन दिवस हातात ठेवून निघा. घाटात दरड, कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकानं हळू. आम्ही चिपळूणहून गाडी धरली ती विमानाच्या दोन दिवस आधीची, आणि ती चार तास उशिरा आली. घाम फुटला नाही.

सेंट अँड्रूजलाही रेल्वे स्टेशन नाही. लूकर्स नावाच्या स्टेशनवर उतरून पुढे मोटारीनं जायचं. गुहागरला जायचं तर चिपळूणला उतरतात तसंच. मास्तर म्हणाले, "चांगल्या गावांना स्टेशन नसतं."

शनिवारी पोचलो. रविवारी सकाळी तोच ओल्ड कोर्स, ज्याच्यावर टूरवाला आम्हाला खेळवणार होता, तो सगळ्यांसाठी उघडा. बाबागाडी घेतलेल्या आया, कुत्री, कॉलेजची मुलं. अठराव्या होलजवळ एक ओहोळ आहे आणि त्यावर दगडाचा बुटका पूल, जगातल्या सगळ्या मोठ्या खेळाडूंचे फोटो त्याच्यावरचे. आम्ही जवळ गेलो. बागायतदार बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, हा तर साकव!" खरंच, वहाळावरचा साकव. आम्ही पाचही जण त्यावर उभे राहिलो, फुकट.

सोडतीत सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस नाव आलं नाही. न्यू कोर्सवर वारा असा, की उंच मारलेला चेंडू परत यायला बघायचा. तिथे करवंटीचं शिक्षण कामी आलं. आम्हाला उंच मारता येतच नाही, ओल्या वाळूवर सरपटत मारायची सवय. डॉक्टरांचे सात चेंडू पिवळ्या फुलांच्या काटेरी जाळ्यांत गेले. करवंदाच्या जाळीत हात घालणारा माणूस, पण तिथे नाही घातला.

बुधवारी संध्याकाळी मास्तरांना म्हटलं, आज तुम्ही खेळायचं. ओल्ड कोर्सच्या शेजारी हिमालय नावाची जागा आहे. खरंच हिमालय. 1867 साली तिथल्या बायकांनी स्थापलेल्या क्लबाचं हे मैदान. फक्त हळू टोला मारून चेंडू होलमध्ये घालवायचा, पण जमीन अशी टेंगळांची, की चेंडू कुठे वळेल सांगता येत नाही. थोडे पौंड दिले की कुणालाही खेळता येतं. मास्तरांनी कोटाची बटणं लावली, काठी खडूसारखी धरली आणि प्रत्येक टोल्याआधी आमच्या चुका आठवल्यासारखे थांबले. वर्षानुवर्षं त्यांनी आमचे गुण लिहिलेत. चौघांनाही हरवलं. नऊला काही मिनिटं कमी होती आणि ऊन अजून टेकडीवर होतं.

परत आल्यावर नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तांडेलाच्या ओटीवर बैठक झाली. मास्तरांनी वही उघडून सगळा हिशेब मोठ्यानं वाचला, अगदी एडिंबरोच्या स्टेशनवरच्या चहासकट. सामाईक खात्यात शिल्लक निघाली, प्रत्येकी 212 रुपये. त्यांनी पाच पाकिटं आणली होती. तांडेलानं आपलं पाकीट परत सरकवलं. म्हणाला, कोलंबोला एका गोल्फच्या मैदानातून आगगाडी जाते म्हणतात, त्या खात्यात टाका. मास्तरांनी नवं पान उलटलं आणि पुन्हा बारा रकाने पाडायला घेतले.