पुण्यात परवडणारा फ्लॅट भाड्याने घेताय? आधी हे बघा

नमस्कार! मी आत्ता उभी आहे कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीच्या एका गल्लीत. लिफ्ट नसलेल्या, जुन्या, तीन-चार मजली सोसायट्या इथे अजून आहेत. बजेट कमी असेल तर अशा गल्ल्या पायी फिरा. वरच्या मजल्याच्या फ्लॅटला घासाघीस करायला वाव असतो. गेटवरच्या पाट्या वाचा, इस्त्रीवाल्या दादांना विचारा. कोण घर सोडतंय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

ब्रोकरकडून गेलात तर साधारण एका महिन्याचं भाडं त्याचं. म्हणजे १५,००० चा फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराच्या हिशेबाने महिन्याला जवळपास १६,४०० ला पडला. मेंटेनन्स कोण भरणार, तेही आधीच बोलून घ्या.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का? या भागात ते सारखं चालू असतं. सामान लावून होत नाही तोच घर सोडायची वेळ यायला नको.

आता करार. ‘नोंदणी नको, नुसती नोटरी करू, खर्च वाचेल,’ असं मालक म्हणाले तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. खर्च तरी किती? भाडं १५,०००, डिपॉझिट ५०,००० धरलं तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क पाचशेच्या आत, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. नोंदणी करून देणाऱ्या एजंटचे पैसे वेगळे.

माझा पहिला करार नोटरीचाच होता. घर सोडताना मालकांनी रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधून १२,००० कापले. करारात रंगाबद्दल अक्षरही नव्हतं. करार नोंदलेला नसेल, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. माहीत असतं तरी भांडत बसावं लागलंच असतं. म्हणून रंगकाम, नोटीसचा काळ, डिपॉझिट किती दिवसांत परत, सगळं करारात लिहून घ्या.

चला, आत जाऊ. हे बघा, कपाटामागची भिंत. हात लावला की पापुद्रा सुटतोय, म्हणजे ओल आहे. नळ सोडून बघा, पाणी किती वाजता येतं ते शेजारच्या काकूंना विचारा. चावी हातात आली की वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲप करा.